ओटीपी दिला नाही

अण्णांच्या निळ्या डायरीत २१ नोव्हेंबर २०२४ च्या पानावर चारच ओळी आहेत. अक्षर नेहमीचंच, सरळ, कारकुनी. "स. ११.४०. कोषागारातून फोन. हयातीचा दाखला संगणकावर चढला नाही. फाईल आली, माहिती भरली. ओटीपी दिला नाही." शेवटच्या तीन शब्दांखाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली आहे.

ती रेघ मला अजून बघवत नाही. कारण त्यांनी ओटीपी खरंच कुणाला सांगितला नव्हता. तरीही त्यांच्या खात्यातून ३ लाख ९७ हजार रुपये गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा ७३ वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून २००९ साली निवृत्त झाले. आई आणि ते दोघंच वाईला असतात, मी पुण्यात. अण्णा भोळे नाहीत, हे आधीच सांगते, कारण असं काही घडलं की लोकांचा पहिला शेरा तोच असतो. आयुष्यभर त्यांनी सही करण्याआधी कागद दोनदा वाचला आहे. २७ ऑक्टोबरच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतात त्याबद्दल बोलले, तेही त्यांनी ऐकलं होतं. व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला की फोन ठेवायचा, हे त्यांना पाठ होतं. पण त्यांच्याकडे पोलीस आलाच नाही. आला तो त्यांच्याच खात्यातल्यासारखा बोलणारा माणूस.

घरात कुणी पेन्शनर असेल तर नोव्हेंबर महिना म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. पेन्शनर हयात आहे, याचा दाखला द्यायचा महिना. कोषागारातून बँकेत यादी येते. आपण जायचं, नावापुढे सही करायची, की वर्षाचं काम झालं. २०१४ पासून जीवन प्रमाणची सोयही आहे, अंगठा किंवा चेहरा दाखवून दाखला मिळतो. अण्णांना मात्र यादीवर सही केल्याशिवाय चैन पडत नाही. ६ तारखेलाच ते जाऊन आले होते.

म्हणूनच फोनवरचा माणूस 'सही राहिलीय' असं म्हणाला नाही. तो म्हणाला, "सही मिळालीय साहेब, पण बायोमेट्रिक जुळत नाहीये. ३० तारखेच्या आत झालं नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबेल." पुढे त्याने अण्णांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर, निवृत्तीची तारीख आणि खातं, सगळं बिनचूक सांगितलं. पीपीओची झेरॉक्स आपण मागेल त्याला देत असतो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान झालेलं, अण्णांच्या बोटावरची शाई अजून काळीच होती. "आमचा स्टाफ इलेक्शन ड्युटीला अडकला, म्हणून यावेळी फोनवर करून घेतोय," असं तो म्हणाला. अण्णांना ते पटलं. स्वतः त्यांनी कितीतरी निवडणुकांना ड्युटी केली होती.

व्हॉट्सॲपवर फाईल आली. पाठवणाऱ्याच्या फोटोत राजमुद्रा. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरं होती. ही अक्षरं दिसली की ते कागदपत्र नसतं, फोनमध्ये बसणारं ॲप असतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. फाईल उघडताना फोनने इशारा दिला की हे धोकादायक असू शकतं. पलीकडून उत्तर तयार होतं, "सरकारी ॲप आहे ना, म्हणून तसं येतं. पुढे दाबा." मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. अण्णांनी 'होय' दाबलं. चोरी त्या एका बोटाने झाली. तिथून पुढे त्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस, ओटीपीसुद्धा, त्या माणसांना आपोआप दिसत होता. विचारायची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर एक फॉर्म उघडला. नाव, पीपीओ, खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, पिन. पिनच्या चौकटीपाशी अण्णा थांबले. तो माणूस म्हणाला, "मला सांगू नका हं साहेब. पिन कुणालाही सांगायचा नसतो. तुम्ही फक्त तिथे भरा." हे वाक्य अण्णांनी मला जसंच्या तसं सांगितलं. आपण आईवडिलांना इतकी वर्षं जे बजावत आलो, तेच त्या माणसाने त्यांना ऐकवलं, आणि त्यांचा विश्वास पक्का झाला. कार्डाचे तपशील आणि ओटीपी हाती आल्यावर त्या टोळीने अण्णांच्या नावाने मोबाईल बँकिंग सुरू केलं. त्यात बचत खात्यातले ७२ हजार दिसले आणि साडेतीन लाखांची ठेवही. ठेव मोडायला हल्ली बँकेत जावं लागत नाही. ऑनलाइन दिसत असेल तर ऑनलाइनच मोडता येते. आमची पावती कपाटात, आईच्या साडीच्या घडीत, सुरक्षित होती.

पाऊण तासाने पैसे गेल्याचे मेसेज यायला लागले. अण्णांनी त्याच नंबरवर फोन लावला. तो म्हणाला, पडताळणीसाठी रक्कम तात्पुरती बाजूला ठेवली आहे, संध्याकाळपर्यंत परत येईल, तोवर फोन बंद करू नका. अण्णांनी फोन चार्जिंगला लावला आणि ते शेजारी खुर्ची घेऊन बसले.

गुरुवारी १ लाख ९८ हजार गेले. बँकेने ठरवलेली दिवसाची मर्यादा तिथे संपली. ती रात्री बारा वाजता पुन्हा नव्याने सुरू होते. बारा वाजून काही मिनिटांनी आणखी १ लाख ९९ हजार गेले. म्हणजे गुरुवारी दुपारी, संध्याकाळी, अगदी रात्री अकरालाही अण्णांनी मला किंवा कुणालाही सांगितलं असतं, तर निम्मे पैसे खात्यात राहिले असते.

त्यांनी का सांगितलं नाही, ते मला लिहायचं आहे. बाकी सगळं कुठे ना कुठे तुमच्या वाचनात येईलच.

त्याच वर्षी गौरी-गणपतीला आम्ही वाईला होतो. मोफत रिचार्जची कसलीशी लिंक अण्णांनी उघडली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "अण्णा, किती वेळा सांगायचं? कळत नाही तर हात कशाला लावता?" जेवणं चालली होती. माझे यजमान पाटावर होते, शेजारचे काका होते. जावयासमोर मी माझ्या वडिलांना असं बोलले. अण्णा काहीच बोलले नाहीत, त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. मी ते विसरून गेले. ते विसरले नव्हते.

गुरुवारी रात्री त्यांना झोप आली नाही. शुक्रवारी सकाळी ते एकटेच बँकेत गेले आणि पासबुक भरून घेतलं, तेव्हा ठेव मोडल्याचं कळलं. काउंटरवरच्या माणसाने मोबाईल बँकिंग बंद केलं आणि "सायबरला जा" असं सांगितलं. कुठे, कसं, कधीपर्यंत, काही नाही. हातात कागद नाही, पोच नाही. अण्णा सायबरला गेले नाहीत, घरीही आले नाहीत. तीन वाजेपर्यंत ते कृष्णेच्या घाटावर बसून होते. रात्री नऊला आईचा मला फोन आला, "ह्यांनी सकाळपासून अन्नाला शिवलं नाही. बोलतही नाहीत. तू बघ बाई." मी म्हटलं, अण्णांना द्या. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "रागावणार नसशील तर सांगतो."

चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आपले स्वतःचे पैसे गेल्यावर, मुलीची परवानगी मागत होता. आमच्या हातून निम्मे पैसे गेले ते या भीतीमुळे. त्या टोळीला माझी मदत झाली.

पुढचं थोडक्यात सांगते, पण नीट वाचा. मी आधी त्यांना फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावला, म्हणजे ॲपचा बाहेरचा संपर्क तुटतो. तसलं ॲप ज्या फोनमध्ये आहे, त्यावरून बँकेचं काहीही करायचं नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. मग मी पुण्यातूनच १९३० ला फोन लावला. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. त्यांनी खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचे क्रमांक विचारले. हे क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटवर असतात, हाताशी घेऊनच बसा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवलं जातं. शिल्लक असेल तर. चोर ती रक्कम लगेच तुकडे करून भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरवतात आणि एटीएममधून काढून घेतात. आमची तक्रार तेहतीस-चौतीस तासांनी गेली. गोठले ते ३८ हजार. न्यायालयाच्या आदेशानंतर तेवढेच, पुढच्या मे महिन्यात हातात आले.

त्याच रात्री आम्ही वाईला पोचलो. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी सकाळी लेखी तक्रार दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. हा कागद फार महत्त्वाचा. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची चूक नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं असेल तर त्याच्यावर बोजा येत नव्हता. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. आमच्या बाबतीत बँकेने फॉर्ममध्ये भरलेल्या पिनवर बोट ठेवलं आणि भरपाई नाकारली. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर माहिती मिळते.

जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात एक हवालदार होते. अण्णांची डायरी त्यांनी पूर्ण वाचली. म्हणाले, "इतकी पद्धतशीर नोंद कुणी आणत नाही, काका." अण्णा दोन दिवसांत पहिल्यांदा मान वर करून बसले. त्या हवालदारांचे माझ्यावर उपकार आहेत.

ठेवीचे पैसे घराच्या स्लॅबसाठी होते. मागच्या पावसाळ्यात आम्ही त्यावर ताडपत्री टाकली.

आता आम्ही काय केलंय तेही सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. बँकेला जोडलेलं सिमकार्ड बटणांच्या साध्या फोनमध्ये घातलं. त्यात असलं ॲप बसूच शकत नाही. स्मार्टफोनमध्ये दुसरं सिम आहे, नातवंडांचे फोटो बघायला आणि व्हॉट्सॲपला. जुना फोन पूर्ण रिसेट केला. यूपीआयला वेगळं खातं उघडलं, त्यात महिन्याच्या किराणा-भाजीपुरतेच पैसे असतात. मुख्य खात्याची ऑनलाइन मर्यादा बँकेत अर्ज देऊन कमीत कमी करून घेतली. आणि अण्णांना पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर एक गोष्ट सांगायला लावली, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. हयातीचा दाखला उशिरा दिला म्हणून पेन्शन बुडत नाही. थांबते, आणि दाखला दिला की थकबाकीसकट मिळते. ३० तारीख उलटल्याने कुणी रस्त्यावर येत नाही. हे त्यांना त्या गुरुवारी आठवलं असतं तर त्यांनी शांतपणे फोन ठेवला असता. पण कागदाची मुदत चुकवायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांच्या चांगल्या सवयीलाच त्या माणसाने हात घातला.

मी त्यांची माफी मागितली. यजमानांसमोर मागितली, कारण बोलले होते ती त्यांच्यासमोरच. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं, झालं ते झालं."

हल्ली ते विचारतात. आठवड्यातून दोनदा तरी. परवा व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, नावाच्या शेवटी तीच तीन अक्षरं. त्यांनी ती उघडली नाही, मला ऑफिसात फोन केला. मी काम बाजूला ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, बोला अण्णा.

"रागावू नकोस," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं."