एम्समधील मोबाइल होम : पशुवैद्यकाच्या विद्यार्थिनीसाठी घेतलेल्या घराचा अकरा महिन्यांचा अनुभव

माझी थोरली मुलगी आयोवा राज्यातील एम्स येथे, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, म्हणजे मोटारीने साधारण पाच तासांवर. अभ्यासक्रम चार वर्षांचा, सोबत कुत्रा, आणि पदवीच्या काळात तिघींनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटमधील गोंगाटाला ती कंटाळलेली. म्हणून मागील मे महिन्यात आम्ही गावाच्या कडेच्या एका पार्कमध्ये, म्हणजे अशा घरांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वसाहतीत, 1997 सालचे, एकेरी रुंदीचे मोबाइल होम 24,500 डॉलर रोख देऊन घेतले. आज त्याला अकरा महिने झाले. घर घेताना माझ्या मनात जो हिशेब होता तो आणि प्रत्यक्षात निघालेला हिशेब यांत बराच फरक आहे, आणि हा निर्णय तोलून पाहणाऱ्या पालकांना तो फरक आधीच कळावा असे मला मनापासून वाटते.

प्रथम हे घर म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्यातील आमच्या नातेवाइकांनी चाकांवरची गाडी डोळ्यांपुढे आणली होती. कारखान्यात पोलादी चौकटीवर बांधलेले हे घर ओढून आणून एकदा खांबांवर बसवले की सहसा पुन्हा हलत नाही. हलवण्याचा खर्च काही हजार डॉलरांत जातो आणि जुनी घरे नव्याने आत घ्यायला पुष्कळ पार्क तयार नसतात. 15 जून 1976 पासून अशा घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची बांधकाम संहिता लागू आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक घराच्या बाहेरील भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी असते. आत स्वयंपाकघरातील कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ ‘डेटा प्लेट’ नावाचा कागद चिकटवलेला असतो. घर कोणत्या वाऱ्यासाठी आणि छतावरील किती बर्फासाठी बांधले आहे, ते त्यावर लिहिलेले असते. हा कागद वाचल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये.

आम्ही पाहिलेले पहिले घर 1989 सालचे होते आणि आठ हजारांनी स्वस्त होते. परंतु त्यात करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे नळ होते, जे कालांतराने सांध्यांपाशी फुटतात म्हणून 1995 च्या सुमारास वापरातून गेले. 1994 मध्ये संहितेतील उष्णतारोधनाचे नियम कडक झाले, त्यामुळे त्यानंतरचे घर शोधायचे असे आम्ही ठरवले, आणि हिवाळ्यात त्या निर्णयाचे मोल कळले. एम्स आयोवे क्रीक आणि साउथ स्कंक या नद्यांच्या संगमाशी वसलेले आहे आणि ऑगस्ट 2010 च्या पुरात विद्यापीठाचे हिल्टन कोलिसियम हे क्रीडागृहसुद्धा पाण्यात गेले होते, म्हणून पूररेषेचा नकाशा पाहून उंचावरचा पार्क निवडला.

साडेतीनशे डॉलर देऊन आम्ही तपासनीस नेमला. घराखाली सरपटत जाऊन पाहायला तयार असलेलाच तपासनीस घ्यावा, कारण या घराचे खरे आरोग्य तळाशी असते. त्याने न्हाणीघरातील टबाजवळची जमीन पायाने दाबून दाखवली. ती मऊ लागत होती. या काळातील घरांत जमिनीखाली बहुधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता, असतो आणि एकदा पाणी मुरले की तो फुगून भुसभुशीत होतो. प्लायवूड घालून तो भाग बदलायला 1,150 डॉलर लागले. वादळात घर जमिनीला धरून ठेवणारे पोलादी पट्टे पुन्हा ताणणे आणि स्कर्टिंगचे, म्हणजे घराखालची मोकळी जागा चहूबाजूंनी झाकणाऱ्या आवरणाचे, तुटलेले पत्रे बदलणे यासाठी आणखी 700. जाहिरातीतील लांबीत पुढचा ओढण्याचा दांडाही धरलेला असतो, त्यामुळे सत्तर फूट म्हटलेले घर राहायला सहासष्टच फूट निघाले, हेही जाता जाता सांगते.

मालकीची कागदपत्रे मोटारीसारखी असतात. आयोवात त्याचे टायटल, म्हणजे मालकीपत्र, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खजिनदाराकडे नावावर होते आणि विकणाऱ्याने कर भरल्याचा दाखला आणल्याशिवाय ते होत नाही. वार्षिक कर चौरस फुटांवर असून जुन्या घराला सवलत मिळते. आम्हाला वर्षाला दीडशे डॉलरच्या आसपास पडतो. कर्ज काढायचे असते तर मात्र मी हा विचार सोडून दिला असता. जागा आपली नसल्यामुळे हे गृहकर्ज न राहता जंगम वस्तूवरील कर्ज होते, त्याचा व्याजदर चढा आणि मुदत कमी असते.

जागा आपली नसणे, हीच या साऱ्या व्यवहारातील सर्वांत जड गोष्ट आहे. घराखालच्या जमिनीचे भाडे, म्हणजे लॉट रेंट, आम्ही घेतले तेव्हा 430 डॉलर होते. जानेवारीपासून ते 455 झाले. नोटीस वेळेवर आली, नियमाबाहेर काहीच झाले नाही, पण आपल्याकडे करण्यासारखेही काही नव्हते, कारण घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही हे पार्कलाही ठाऊक असते.

आता महिन्याचा हिशेब. लॉट रेंट 455, विमा 58, वीज आणि गॅस सरासरी 120 (जानेवारीत 190 झाले), कर 13, इंटरनेट 50, म्हणजे एकूण 696 डॉलर. कुत्र्यासह एका शयनकक्षाचे अपार्टमेंट घेतले असते तर वीज आणि इंटरनेट धरून साधारण 1,105 पडले असते. मीही आरंभी एवढेच गणित मांडले आणि महिन्याला चारशे डॉलर वाचतात असे समजून बसले. परंतु या घराची किंमत मोटारीसारखी घसरते. चार वर्षांनी त्याचे 14,000 आले असे धरले तर 10,500 गेले; त्यात तपासणी आणि आजवरच्या दुरुस्त्यांचे 2,580 मिळवून अठ्ठेचाळीस महिन्यांवर वाटले की महिना सुमारे 272 डॉलर होतात. म्हणजे खरी बचत महिन्याला जेमतेम 140 डॉलरांची, आणि तीही पुढे मोठी दुरुस्ती न निघाल्यास व वेळेवर गिऱ्हाईक मिळाल्यास. येणाऱ्या गिऱ्हाइकाला पार्कची मंजुरी लागते, हेही त्यात आले. सोबतीण ठेवली तर आकडे पुष्कळ सुधारतात. मात्र आमच्या पार्कमध्ये तिची नोंद करावी लागते आणि मालकीण राहत नसताना घर भाड्याने देता येत नाही.

हिवाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. घराखालून जाणाऱ्या पाण्याच्या नळाला विजेवर तापणारी पट्टी, म्हणजे हीट टेप, गुंडाळलेली असते. जानेवारीत पारा शून्याखाली वीस फॅरनहाइटपर्यंत उतरला, त्या रात्री घराखालच्या सॉकेटचा ट्रिप स्विच पडला होता आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी शरीररचनाशास्त्राची परीक्षा, आणि पहाटे पाच वाजता नळाला थेंब नाही. तिचा फोन आला तेव्हा पाच तासांच्या अंतरावरून मी काय करणार होते? शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई टॉर्च घेऊन आल्या, त्यांनी स्विच दाखवला आणि थंडीत नळाची धार बारीक सोडून ठेवायला शिकवले. एक सांधा तडकला होता, त्याचे 380 डॉलर गेले. तेव्हापासून थंडीची लाट आली की ती झोपण्यापूर्वी स्कर्टिंगचे दार उघडून सॉकेटचा दिवा पाहते. अपार्टमेंटमध्ये हे काम दुसऱ्या कोणाचे तरी असते. येथे विद्यार्थीच घराचा राखणदार होतो. हवेच्या गाळण्या, घर तापवणारी भट्टी, पायऱ्यांवरचा बर्फ, गवत या सगळ्यांत आठवड्याचे दोन-तीन तास जातात, आणि पशुवैद्यकाच्या अभ्यासात ते तास स्वस्त नाहीत.

वादळाचा प्रश्न पैशांचा नाही. टॉर्नेडोत, म्हणजे जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या चक्रीवादळात, अशा घरात थांबू नये, पट्टे कितीही पक्के असले तरी थांबू नये. पार्कमध्ये काँक्रीटचा निवारा आहे याची खात्री करूनच आम्ही घर घेतले, आणि तो रात्री उघडा असतो का हेही रात्री जाऊन पाहिले. ‘वॉर्निंग’ची (वादळ दिसल्याच्या इशाऱ्याची) वाट न पाहता ‘वॉच’ (वादळ होण्याजोगे हवामान असल्याचा इशारा) लागताच कुत्र्याला घेऊन तिकडे जायचे, असा आमचा नियम आहे. या वसंतात दोनदा तसे करावे लागले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि तरीही हे घर तिला आवडते. दोन खोल्यांपैकी एकीत केवळ अभ्यास, स्वतःचे कपडे धुण्याचे यंत्र, दारात कुत्र्यापुरते अंगण, भिंतीपलीकडे कोणी नाही. छतावर पावसाचा आवाज मोठा येतो आणि वाऱ्यात बाजूचे पत्रे थडथडतात, पण रात्री अकरानंतर पार्क शांत असतो, कारण तेथील बहुतेक लोक पहाटे कामावर जाणारे आहेत. अमेरिकेत ‘ट्रेलर पार्क’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो आणि माझ्याही मनात धास्ती होती. प्रत्यक्षात तिला तेथे जी शेजारीण लाभली, तशी अपार्टमेंटच्या तीन वर्षांत एकही लाभली नव्हती.

महाराष्ट्रातून दोन वर्षांच्या एमएससाठी येणाऱ्या मुलामुलींनी मात्र हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पार्क पत इतिहास, म्हणजे कर्जे आणि बिले वेळेवर फेडल्याची नोंद, पाहतो, तो नव्या विद्यार्थ्याकडे नसतो; दोन वर्षांत घसारा भरून निघत नाही; आणि पदवीनंतर नोकरीसाठी गाव सोडण्याच्या घाईत घर मिळेल त्या किमतीला विकावे लागते. चार वर्षे एकाच गावी राहणारा, रोख देऊ शकणारा आणि हाताने काम करण्याची आवड असणारा विद्यार्थी असेल तरच विचार करावा.

आम्ही शेवटच्या वर्षीच्या मार्चमध्येच घर विक्रीला काढणार आहोत, कारण ऑगस्टमधील प्रवेशांसाठी घर शोधणारे लोक वसंतातच येतात. तोपर्यंत पाणी तापवण्याची टाकी बदलावी लागेल असे तपासनीसाने सांगून ठेवले आहे. ते काम येत्या उन्हाळ्यात, तिची सुट्टी असताना करणार आहोत.