क्रिस्टल रेडच्या नावाखाली आलेली रिली : श्रिंप मागवणाऱ्यांसाठी

गोड्या पाण्यातील शोभेच्या श्रिंपच्या, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीच्या, खरेदीत माझी जी फसवणूक झाली, तिचा वृत्तांत येथे सविस्तर देत आहे. रक्कम सहा हजार रुपयांची होती. पण त्याहून जास्त मनाला लागले ते खोट्या नावाने विकले गेल्यामुळे भलत्याच पाण्यात पडून मेलेले जीव. विक्रेत्याने पुढे केलेली प्रत्येक सबब अर्धी खरी होती आणि म्हणूनच ती पटत गेली. त्या सबबी नीट समजल्या, तर पुढच्या माणसाचे पैसे आणि श्रिंप दोन्ही वाचतील, असे मला वाटते.

आपल्याकडे घरगुती टाक्यांत पाळल्या जाणाऱ्या श्रिंपचे ढोबळमानाने दोन गट पडतात. चेरी, रिली, ब्लू ड्रीम, यलो या निओकॅरिडिना गटातल्या जाती काटक आणि स्वस्त असतात. साडेसहा ते आठ पीएचचे, बऱ्यापैकी क्षार असलेले पाणी त्यांना मानवते. क्रिस्टल रेड मात्र कॅरिडिना गटातली. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या ‘बी’ (bee, मधमाशी) नावाच्या श्रिंपमध्ये निघालेल्या लाल पिल्लांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती स्थिर केली. तिला मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागते : पीएच साधारण ५.८ ते ६.६, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शंभर ते दीडशेच्या आसपास, तापमान २० ते २४ अंश. म्हणून तिच्यासाठी आरओच्या पाण्यात मोजून क्षार घालावे लागतात, पीएच खाली धरून ठेवणारी खास सॉइल, म्हणजे दाणेदार माती, तळाला अंथरावी लागते, आणि त्या सॉइलमधून सुरुवातीला सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये वाढेपर्यंत महिना-दीड महिना टाकी रिकामी चालवावी लागते. एवढ्या खटाटोपामुळे तिचा दर चेरीच्या कितीतरी पट असतो, आणि लबाडीला वाव मिळतो तो दरातल्या याच फरकामुळे.

पुण्यात आमच्या सोसायटीला महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळून येते, त्यामुळे नळाच्या पाण्यावर विसंबणे शक्यच नव्हते. मी आरओच्या पाण्यावर टाकी तयार केली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी घेऊन वहीत नोंदवली आणि मगच विक्रेत्याशी बोलणी केली. हा गृहस्थ मत्स्यपालकांच्या गटांमध्ये ‘घरी वाढवलेली क्रिस्टल रेड, एसएस ग्रेड’ अशी जाहिरात करीत असे; एसएस म्हणजे पांढऱ्या रंगाच्या प्रमाणावरून ठरणारी वरची प्रत. दर ३०० रुपये नग, किमान २० नग, पैसे आधी. आपली टाकी १२० टीडीएसवर चालते, असे त्याने लेखी कळवले. यूपीआयवर पैसे पाठवताना खात्यावर वेगळेच नाव दिसले. ते भावाचे खाते असल्याचे त्याने सांगितले. बिल मागितले, तेव्हा हा घरगुती छंद असल्यामुळे बिल नसते, असे उत्तर आले.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने आले. पिशव्यांतील श्रिंप जिवंत होते, परंतु क्रिस्टल रेडची खूण असलेला घट्ट, दुधाळ पांढरा पट्टा एकाच्याही अंगावर नव्हता. डोके आणि शेपूट लाल, मधला भाग काचेसारखा पारदर्शक. फोन केल्यावर त्याने शांतपणे समजावले की प्रवासाच्या ताणामुळे श्रिंपचा रंग उतरतो आणि आठवडाभरात पांढरा परत येतो. ताणामुळे रंग फिका पडतो हे अगदी खरे आहे. परंतु घट्ट पांढरा रंग फिका पडणे वेगळे आणि तो अंगात मुळातच नसणे वेगळे, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याला फक्त वेळ काढायचा होता, कारण पार्सलमध्ये दगावलेल्या जिवांची भरपाई, जिला या व्यवहारात डीओए म्हणतात, त्याच्या अटीप्रमाणे केवळ दोन तासांपुरती होती आणि तीही न फोडलेल्या पिशवीचा व्हिडिओ पाठवला तरच. जिवंत पोहोचलेला परंतु खोट्या नावाचा जीव या अटीत कुठेच बसत नाही.

श्रिंप टाकीत सोडण्याआधी पिशवीतल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवण्याची माझी सवय आहे. आकडा ४३० आला. पीएच आठच्या जवळ होता. १२० टीडीएसच्या टाकीत वाढवलेल्या श्रिंपच्या पिशवीत बोअरचे पाणी कसे, असे विचारले असता पॅकिंगच्या वेळी नळाचे पाणी भरावे लागले, हा खुलासा मिळाला. मी मीटरचा फोटो काढला आणि ते पाणी बाटलीत भरून ठेवले. मग बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत, कित्येक तास घेऊन, श्रिंप टाकीत सोडले.

त्यांचे मरण दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. श्रिंप वाढताना कात टाकतात. पाण्यातील क्षारांत मोठा फरक पडला की ही कात अवेळी सुटते आणि पुष्कळदा अर्ध्यावर अडकते. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या पाठीवर, डोके आणि धड यांच्या सांध्यापाशी, कवच फाटल्याचे पांढरे कडे दिसत होते. कठीण पाण्यात वाढलेला जीव मृदू, आम्लधर्मी पाण्यात टाकला की हेच होते. विक्रेत्याने आधी माझ्या पाण्याला दोष दिला, मग घरात डासांची कॉइल लावली असेल असे म्हटले, मग माशांच्या औषधातले तांबे टाकीत गेले असावे असे सुचवले. डासांच्या औषधांतील कीटकनाशके आणि तांबे, दोन्ही श्रिंपना घातक आहेत, यात शंकाच नाही. म्हणूनच ही उत्तरे अशा विक्रेत्यांच्या ओठांवर तयार असतात : ज्याच्याकडे नोंदी नाहीत, त्याला ती खोडून काढता येत नाहीत. मी चाचण्यांची वही आणि पिशवीतल्या पाण्याचा फोटो पाठवताच त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

आमच्या भागातील एका जुन्याजाणत्या मत्स्यपालकांनी टाकी पाहताक्षणी ही रेड रिली असल्याचे सांगितले, म्हणजे चेरीच्याच गटातली, क्रिस्टलच्या पाव किमतीलाही न विकली जाणारी. त्यांच्या सांगण्यावरून उरलेले श्रिंप हळूहळू कठीण पाण्याच्या टाकीत हलवले. तेथे ते तगले, माद्यांनी पोटाखाली अंडी धरली, आणि पिल्ले निघाली ती सगळी लाल आणि पारदर्शक. पांढरा रंग एकाही पिल्लात नव्हता. जातीबद्दल उरलासुरला संशयही तेव्हा फिटला.

माशांच्या बाजारातही ही वृत्ती जुनीच आहे. आपल्याच नद्यांतील पारदर्शक चांदा माशाला सुईने झगझगीत रंग टोचून तो परदेशी रंगीत मासा म्हणून विकला जाई. रंग काही महिन्यांत विरे आणि टोचण्याच्या जखमांनी मासे आधीच खंगलेले असत. यात ग्राहकाच्या पैशांपेक्षा जिवाचे हाल अधिक होतात, आणि मला राग त्याचा आहे.

तक्रारीसाठी मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० या दोन्हींकडे नोंद केली. दुसऱ्या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधीच ते गोठवण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत तोवर वेळ निघून गेली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. परंतु तेथे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. माझ्याकडे एक फोन क्रमांक आणि तिऱ्हाइताचे यूपीआय खाते एवढेच होते. म्हणून पैसे पाठवण्याआधी साध्या कागदावर का होईना, नाव, पत्ता आणि जातीचे पूर्ण नाव लिहिलेले बिल मागावे. विक्रेत्याला टाकीसमोर उभे राहून त्या दिवशीच्या तारखेची चिठ्ठी काचेला लावून व्हिडिओ पाठवायला सांगावे, आणि त्याच व्हिडिओत टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवायला सांगावा. खरोखर श्रिंप वाढवणारा माणूस हे आनंदाने करतो. पुढे ज्यांच्याकडून मी क्रिस्टल रेड घेतले, त्यांनी न मागताच सगळे दाखवले. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ सलग घ्यावा आणि तो पिशवीतल्या पाण्याचे मोजमाप होईपर्यंत थांबवू नये.

त्या विक्रेत्याने जाहिरातीत वापरलेले छायाचित्र मी इंटरनेटवर उलट शोधून, म्हणजे छायाचित्र देऊन त्याचे मूळ शोधून, पाहिले, तेव्हा ते एका परदेशी पैदासकाराच्या जुन्या पानावर सापडले. काळ्या सॉइलवर तीन क्रिस्टल रेड, उजव्या कोपऱ्यात मॉस गुंडाळलेला लाकडाचा तुकडा, असे ते छायाचित्र आहे. सध्या तेच दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या फोन क्रमांकासह पुन्हा फिरत आहे. दर ३०० रुपये, किमान २० नग, पैसे आधी.