प्रिंट अडकली म्हणून अनोळखी माणसाला कॉम्प्युटर देऊ नका

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. जूनमध्ये दाखले आणि फॉर्मची गर्दी ऐन भरात असताना जुना लेझर प्रिंटर अडला. कागद होता, टोनर होता, पण एक प्रिंट रांगेत अडकली आणि तिच्यामागे बाकीच्या तुंबल्या. कॅन्सल केलं तर नुसतं 'डिलीटिंग' दिसत राही.

दुकानात वहिनी एकट्या होत्या. त्यांनी नेटवर कंपनीचा कस्टमर केअर शोधला. सगळ्यात वर आलेला नंबर कंपनीचा नव्हताच, कुणीतरी पैसे भरून लावलेली जाहिरात होती. 'स्पॉन्सर्ड' हा शब्द तिथे बारीक अक्षरात असतो. समोर माणसं फॉर्म घेऊन ताटकळत असताना तो कोण वाचणार?

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीनं बोलला. एक ॲप घ्यायला लावून कोड विचारला आणि माउस स्वतःच फिरवू लागला. विंडोज आपल्या बारीकसारीक घडामोडी नोंदवतं तो 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून लाल खुणांची यादी दाखवली आणि हे सगळे व्हायरस म्हणून सांगितलं. तशा नोंदी धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात! यूपीआयनं २,५०० रुपये घेतले आणि लगेच प्रिंट सुरू करून दिली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर एकही प्रिंट निघेना. आणि आम्ही काही सांगायच्या आधीच त्याचा फोन: व्हायरस परत आलाय, वर्षाचा प्लॅन घ्या, ८,००० रुपये. त्याला कसं कळलं? वहिनींनी तिथेच फोन ठेवला आणि ओळखीच्या इंजिनीअरिंगच्या मुलाला बोलावलं. त्यानं बघितलं तर प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची 'प्रिंट स्पूलर' ही सर्व्हिस 'डिसेबल्ड' करून ठेवलेली. असं केलं तरी कॉम्प्युटर बंद होईपर्यंत ती चालत राहते, म्हणून आदल्या दिवशी काही जाणवलं नाही. बिघाड त्या फोनवाल्यानंच पेरून ठेवला होता.

खरा उपाय फुकट आहे. प्रिंटर बंद करा. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, 'प्रिंट स्पूलर' स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल आणि त्यात 'प्रिंटर्स' हे फोल्डर. त्यातल्या फायली डिलीट करा, फोल्डर राहू द्या. स्पूलरचा स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' आहे ना बघा, स्टार्ट करा, प्रिंटर लावा आणि प्रिंट नव्यानं द्या.

पैशांपेक्षा मला वेगळाच घोर आहे. त्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या आधारकार्डांचे, पासबुकांचे स्कॅन होते आणि तेवढा वेळ सगळं त्या माणसापुढे उघडं होतं. त्यातलं काय उचललं, कळायला मार्ग नाही. आम्ही ते ॲप काढलं, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. हा नंबर दुकानात भिंतीवर लिहून ठेवा. असा फोन जितका लवकर जाईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. ज्यांचे नंबर आमच्याकडे होते त्यांना फोन करून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. बरेच जण आमच्यावर चिडले. त्यांचं बरोबरच होतं. आता काम झालं की गिऱ्हाइकाचे स्कॅन त्याच्यासमोरच डिलीट करतो, रीसायकल बिनमधूनसुद्धा.