एका स्लॅशपायी 23 ऑर्डर अडकल्या: क्लाउड राउटिंग आठ महिने वापरल्यानंतर

साइटवर येणाऱ्या विनंत्या वेगवेगळ्या सर्व्हरला वाटून देणाऱ्या एका क्लाउड सेवेबद्दल लिहितेय. आधी रेटिंग सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. एप्रिलमध्ये लिहायला बसले असते तर एकच दिला असता. अर्धा लेख मे महिन्यात रागाच्या भरात लिहिला होता. तो खोडत नाही, कारण तो राग खरा होता.

आमचं दुकान नागपूरच्या महाल भागात. सासूबाई आणि त्यांच्याबरोबरच्या अकरा बायका मिळून वाळवण करतात: सरगुंडे, कुरड्या, मूगवड्या, सांडगी मिरची. जोडीला घरचा सावजी मसाला. ऑनलाइनची बाजू मी बघते. वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) आहे, आणि आधी सगळं एकाच सर्व्हरवर होतं. समोर एनजिनएक्स (आलेली विनंती योग्य जागी पाठवणारं सॉफ्टवेअर), त्याच्या नियमांची फाइल माझ्याच हातची. गेल्या उन्हाळ्यात आमचं सांडगी मिरचीच्या रेसिपीचं पान बरंच फिरलं. ते बघायला आलेल्या गर्दीत खरेदीला आलेली माणसं चेकआउटवर खोळंबली. म्हणून ऑक्टोबरमध्ये विभागणी केली: दुकान एका सर्व्हरवर, रेसिपी दुसऱ्या लहान सर्व्हरवर, फोटो स्टोरेजमध्ये. समोर या कंपनीचा लोड बॅलन्सर. त्याच्या पॅनेलमध्ये नियम लिहायचे, की पत्ता असा असेल तर विनंती इकडे पाठव, तसा असेल तर तिकडे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिकीट अजून उघडं आहे.

महिन्याला 1,450 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 1,711. पाव किलो सरगुंड्यांच्या एका पाकिटामागे आम्हाला साधारण 30 रुपये सुटतात. म्हणजे महिन्याची पहिली 57 पाकिटं या बिलात जातात. सरगुंडा एकेक करून काडीवर वळावा लागतो. ते वळणारे हात मी रोज बघते, त्यामुळे हे बिल भरताना मी प्रत्येक ओळ वाचते.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. पहिल्या संध्याकाळी पान स्वतःकडेच परत परत जात होतं. एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसचं सुरक्षित कुलूप, लोड बॅलन्सरवरच उघडलं जात होतं आणि वर्डप्रेसला वाटत होतं की ग्राहक साध्या एचटीटीपीवरून आलाय, म्हणून ते त्याला पुन्हा एचटीटीपीएसवर पाठवायचं. ग्राहक मुळात एचटीटीपीएसवरून आलाय हे सांगणारी, विनंतीसोबत येणारी ओळ (हेडर) वर्डप्रेसला वाचायला लावली आणि तासाभरात मिटलं. सर्टिफिकेट आपोआप नवं होतं. दिवाळीच्या गर्दीत रेसिपीचा सर्व्हर दोनदा बसला, पण दुकान हललं नाही. पैसे वसूल झाले असं तेव्हा मनापासून वाटलं होतं.

एनजिनएक्सवरून येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करावी. तिथे पत्त्यांचे नुसते उपसर्ग (सुरुवातीचे तुकडे) लिहिले असतील तर सगळ्यात लांब जुळणारा जिंकतो, मग तो फाइलमध्ये वर असो की खाली. इथे तसं नाही. इथे नियमांना क्रमांक आहेत, लहान क्रमांक आधी तपासला जातो आणि पहिला जुळला की पुढचे बघितलेच जात नाहीत. मी ‘वाळवण’ला 20 दिला होता आणि त्याच्या पोटातल्या ‘सरगुंडे’ला 30. तीसपर्यंत विनंती कधी पोहोचलीच नाही. आता नेमका पत्ता आधी, ढोबळ नंतर, आणि मधे दहा-दहाची जागा सोडते.

आता एप्रिल.

शनिवारी दुपारी फोन आला. पुण्यात मुलाकडे राहणाऱ्या, मूळच्या इतवारीच्या एक काकू आहेत, दरवर्षी आमच्याकडूनच मागवतात. म्हणाल्या, “बाई, पैसे तं कटले नं माझे. मंग ऑर्डर काहून नाही दिसून राहिली?” मी उघडून बघितलं. ऑर्डर होती, पण तिच्यावर ‘रद्द’ लिहिलेलं होतं. पेमेंट गेटवेच्या खात्यात मात्र त्यांचे 860 रुपये जमा. खाली बघत गेले तर तशाच आणखी. शुक्रवार रात्रीपासूनच्या एकूण 23. सगळ्यांचे पैसे आलेले, सगळ्यांच्या ऑर्डर रद्द.

सगळ्या यूपीआयच्या का, हे कळायला मला वेळ लागला. कार्डवाला ग्राहक पैसे भरून ब्राउझरमध्ये आमच्या पानावर परत येतो, तिथेच ऑर्डर पक्की होते. यूपीआयवाला फोनमधल्या दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पैसे देतो आणि बरेचदा तिथूनच कामाला लागतो. त्याची ऑर्डर पक्की होते ती गेटवेने आमच्या सर्व्हरला मागच्या दाराने पाठवलेल्या पोस्ट विनंतीवर (पोस्ट म्हणजे सोबत मजकूर घेऊन येणारी विनंती). ती सूचना आलीच नाही, तर वूकॉमर्स मूळ सेटिंगप्रमाणे 60 मिनिटं माल राखून ठेवतं आणि मग ऑर्डर रद्द करून मोकळं होतं.

लॉग उघडला. गेटवेच्या पोस्ट विनंत्या येत होत्या, वेळच्या वेळी येत होत्या. प्रत्येकीच्या पुढे 301. एकीच्याही पुढे 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, नाही. लोड बॅलन्सर प्रत्येक सूचनेला सांगत होता, की हा पत्ता कायमचा हलला आहे, शेवटी एक स्लॅश (/) लावून या. गेटवेने 301 हे अपयश मानलं, थोड्या वेळाने पुन्हा पाठवली, पुन्हा 301. ब्राउझर असता तरी उपयोग नव्हता. 301 मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करतो आणि आतला मजकूर गळून पडतो. पोस्ट तशीच पुढे जायला हवी असेल तर 308 आहे, त्याचं प्रमाण 2015 सालचं आहे. इतकी वर्षं उपलब्ध असलेला आकडा सोडून या लोकांनी सगळ्यांना सरसकट 301 लावला.

स्लॅशचा असा नियम मी लिहिलाच नव्हता. माझ्या यादीत सतरा नियम होते, सतराही दोनदा वाचले. अठरावा सापडला ‘जनरल’ नावाच्या टॅबमध्ये, पार खाली, एका स्विचच्या रूपात: पत्त्याच्या शेवटी स्लॅश सारखा ठेवा. स्विच चालू. शुक्रवारी रात्री पॅनेलचं नवं रूप आलं, तेव्हा तो सगळ्यांसाठी चालू झाला होता. माझा राग नेमका इथे आहे, आणि अजून आहे. क्रमांकांची यादी दाखवायची, पहिला जुळला की थांबतो म्हणून सांगायचं, आणि त्या सगळ्याच्या आधी चालणारा नियम यादीत दाखवायचाच नाही. डॅशबोर्डवर या सगळ्या काळात सर्व्हर हिरवेगार होते. सर्व्हर चालू आहे का ते तपासणारा हेल्थ चेक मुख्य पान बघत होता आणि मुख्य पानाच्या शेवटी स्लॅश असतोच.

स्विच बंद केला. त्याच संध्याकाळी 23 जणांना एकेक फोन केला. कुणी रागावलं नाही, पण एका ताईंनी सांगितलं की त्यांना ऑनलाइन फसवणूकच झाली असं वाटलं होतं. ते ऐकून रात्री झोप लागली नाही. सासूबाईंनी नावाने ओळखीची केलेली माणसं आहेत ही.

सपोर्टला तिकीट टाकलं. पहिलं उत्तर चौथ्या दिवशी: सुविधा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, लॉग जोडला. उत्तर आलं, की ईमेलने कळवलं होतं. ईमेल शोधला. होता. रंगीत चित्रांच्या खाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यात. कळवलं हे खरं, आणि तो ईमेल मी शेवटपर्यंत वाचला नव्हता हेही खरं. पण पैशाच्या वाटेवरचा बदल विचारून चालू करायचा असतो.

पुढची चूक माझी, आणि ती सांगणं जास्त गरजेचं आहे. पत्ते पूर्वीसारखे करायचे म्हणून मी घाईने उलटा नियम लिहिला: शेवटी स्लॅश असेल तर काढून टाक, 301. मी इनकॉग्निटोमध्ये तपासलं, सुरळीत. सोमवारी जुन्या ग्राहकांचे फोन, पान उघडत नाही, फार वेळा रीडायरेक्ट झालं असं दिसतं. 301 म्हणजे कायमचं, आणि ब्राउझर ते जपून ठेवतो. शुक्रवारी आलेल्यांच्या फोनमध्ये ‘स्लॅश लाव’ साठवलेलं होतं, माझा नियम म्हणत होता ‘स्लॅश काढ’. ग्राहक या दोघांमध्ये फिरत राहिला. इनकॉग्निटोला आधीचं काही आठवत नसल्यामुळे मला ते दिसलंच नाही. उपाय एकच होता: उलटा नियम काढला, दोन्ही पत्त्यांवर तेच पान 200 सह उघडू दिलं, आणि गुगलसाठी कॅनॉनिकल टॅगमध्ये (खरा पत्ता कोणता ते सांगणारी खूण) एक पत्ता पक्का केला. तेव्हापासून नवा कुठलाही रीडायरेक्ट मी आधी 302 ने, म्हणजे तात्पुरता, लावते, पंधरा दिवस चालवते, मगच 301 करते.

इथपर्यंत मे महिन्यात लिहिलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं होतं. आता जून आहे, आणि ते वाक्य मी काढलंय.

कारण पॅनेलमध्ये आधीपासून असलेली एक सोय मी तोवर नीट वापरलीच नव्हती. पत्ता टाकायचा, गेट की पोस्ट ते निवडायचं, की कुठला नियम लागेल आणि विनंती कुठे जाईल ते आधीच दाखवतं, खऱ्या ग्राहकाला हात न लावता. तिथे स्लॅशचा स्विचही आता पहिली पायरी म्हणून दिसतो. मेपर्यंत दिसत नव्हता. माझ्या तिकिटामुळे आला की आणखी कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, पण आला.

याच सोयीने माझी पहिल्यापासूनची एक अडचण सोडवली. आमच्या पानांचे पत्ते मराठीत आहेत आणि ते मी बदलणार नाही. आमच्याकडे येणारं माणूस ‘सरगुंडे’ असंच टाइप करतं. पण वायरीवरून देवनागरी तशी जात नाही. प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 या युनिकोड मांडणीत तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हांचा. ‘सरगुंडे’ या छोट्याशा शब्दात काना-मात्रा धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात 63. आणि खरी मेख पुढे आहे: या चिन्हांमधली इंग्रजी अक्षरं वर्डप्रेस लहान लिपीत (a, b) लिहितं, ब्राउझर टाइप केलेल्या मराठीसाठी ती मोठ्या लिपीत (A, B) लिहितो. पॅनेलला लहान आणि मोठं वेगळं वाटतं. मी ब्राउझरमधून उचलून नियमात चिकटवलेला पत्ता आमच्याच साइटवरच्या लिंकला जुळत नव्हता. दोन्ही रूपं त्या चाचणीत टाकली तेव्हा एक इकडे, एक तिकडे जाताना समोर दिसलं. आता प्रत्येक मराठी पत्त्याचे दोन्ही प्रकार नियमात आहेत. मराठी पत्ते वापरणाऱ्या प्रत्येकाने हे आजच तपासावं. लिंक दाबून एकदा, आणि तोच पत्ता हाताने टाइप करून एकदा.

दीड गुण कापले ते असे: एक त्या स्विचसाठी, अर्धा चार दिवसांच्या उत्तरासाठी. तिकीट उघडं ठेवलंय. मागणी एकच आहे, तो स्विच नियमांच्या मुख्य यादीत क्रमांक शून्य म्हणून दिसावा. पावसाळ्यात वाळवण बंद असतं, ऑर्डर कमी येतात. तेवढ्या दिवसांत एका स्वस्त मशीनवर एनजिनएक्स समोर ठेवून हेच राउटिंग जमतं का ते बघणार आहे. जमलं तर 57 पाकिटं वाचतील. नाही जमलं तर दिवाळीला इथेच राहीन.

तोवर एक काम रोज सकाळी, गच्चीवरून खाली आल्यावर: पेमेंटच्या सूचनेच्या पत्त्यावर, शेवटी स्लॅश न लावता, स्वतः एक चाचणीची पोस्ट पाठवते. आज सव्वासातला पाठवली. 200 आलं.