स्विमिंग पूलचे क्लोरीन आणि स्टॅबिलायझर : होळी ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

पूल ८ बाय ४ मीटरचा, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लिटर. पाणी वावरातल्या बोअरचे, क्षाराचे. मोटर एक एचपीची, सँड फिल्टर, आणि लाईन कधी येईल कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा पुलावर होळीपासून पोळ्यापर्यंत तीन गोष्टी वापरल्या: टीसीसीए ९० च्या (सायन्युरिक ॲसिडशी बांधलेले, ९० टक्के ताकदीचे क्लोरीन) २०० ग्रॅमच्या गोळ्या, द्रव सोडियम हायपोक्लोराइट (दुकानात नुसते ‘हायपो’ म्हणतात) आणि दाणेदार स्टॅबिलायझर, म्हणजेच सायन्युरिक ॲसिड. आमचे मत आधीच सांगतो. रोजचे क्लोरीन हायपोने द्या, गोळ्या बाहेरगावी जातानाच टाका आणि स्टॅबिलायझर ४० ते ५० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) पुढे जाऊ देऊ नका.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो आणि ऊन दिवसभर थेट पाण्यावर पडते. स्टॅबिलायझर नसेल तर उन्हातले निम्मे क्लोरीन पाऊण-एक तासात उडते. सकाळी ४ पीपीएम असले तरी दुपारी जवळजवळ शून्य. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतो, म्हणून ते टिकते. पण धरून ठेवलेले क्लोरीन जंतू आणि शेवाळ मारायलाही तितकेच मंद होते. म्हणून क्लोरीनचा आकडा एकटा वाचून काही कळत नाही, तो स्टॅबिलायझरच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा. आमचा नियम असा की मुक्त क्लोरीन (घाणीत खर्च न झालेले, कामाला शिल्लक असलेले) स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांखाली कधीच जाऊ द्यायचे नाही. स्टॅबिलायझर ५० असेल तर क्लोरीन किमान ४, आणि रात्री डोस दिल्यावर ६-७. तेच स्टॅबिलायझर १२० झाले तर किमान ९ लागते. तेव्हा ३ पीपीएम दाखवणारा पूलही हिरवा पडतो आणि दुकानदार ‘अजून गोळ्या टाका’ म्हणतो.

गोळ्यांची गोम इथेच आहे. २०० ग्रॅमची एक गोळी या पुलात साधारण साडेचार पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत पावणेतीन पीपीएमच्या आसपास सायन्युरिक ॲसिड सोडते. क्लोरीन खर्च होते, सायन्युरिक राहते. दर दोन दिवसांनी एक गोळी धरली तरी महिन्याला ४० पीपीएम चढते. ते उन्हाने उडत नाही, पाण्याबरोबर वाफही होत नाही. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी आटले तर तीनेकशे लिटर नवे पाणी पडते, पण त्याने स्टॅबिलायझर कमी होत नाही, उलट बोअरचा क्षार वाढत जातो.

चढलेले स्टॅबिलायझर उतरवायचे तर पाणी काढून नवे भरावेच लागते. आणि ही वेळ नेमकी उन्हाळ्यात येते, जेव्हा विहिरीला तळ दिसतो. पूल एकदम रिकामा करू नका. काळ्या मातीत टाके रिकामे ठेवून पाऊस पडला तर माती फुगते, खालून पाण्याचा दाब येतो आणि फरशी तडकते. एक तृतीयांश पाणी काढा, भरा, दिवसभर फिल्टर चालवा, मोजा, मग पुन्हा. १२० चे ८० होतात, दुसऱ्या वेळी ५३. काढलेले पाणी क्लोरीन शून्य होईपर्यंत थांबून मगच सोडा, आणि संत्र्याच्या आळ्यात तर मुळीच नाही. संत्र्याला क्लोराइड सोसत नाही.

हायपोचे गणित सोपे. ताज्या १० टक्के हायपोच्या एका लिटरने या पुलात अडीच पीपीएम चढते. स्टॅबिलायझर ४०-५० असताना कडक उन्हात दिवसाला ३ पीपीएमच्या आसपास खर्च होतो, म्हणजे रोज सव्वा लिटर. डोस सूर्य मावळल्यावर, मोटर चालू असताना, पाणी परत येते त्या नळीच्या तोंडापाशी हळूहळू ओता. रात्री लाईन नसेल तर बादलीत पाणी घेऊन पातळ करा आणि चारही बाजूंनी फिरून टाका.

हायपोचा खरा दोष म्हणजे तो उन्हाळ्यात मरतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन काही आठवड्यांत निम्म्यावर येतो. पण ताकद घरी तपासता येते. आरओच्या जारचे १० लिटर पाणी बादलीत घ्या, इंजेक्शनच्या सिरिंजने अर्धा मिली हायपो टाका, ढवळा आणि डीपीडी किटने (क्लोरीन असेल तसे पाणी गुलाबी करून आकडा दाखवणारी चाचणी) मोजा. ५ आले तर हायपो १० टक्क्यांचा, ३ आले तर ६ टक्क्यांचा. त्या हिशेबाने डोस वाढवा. दोन आठवड्यांपुरताच माल आणा आणि कोठीतल्या सावलीत, जमिनीलगत ठेवा.

ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुष्कळ जण पुलात टाकतात. त्यात स्टॅबिलायझर नसतो, ही चांगली बाजू. पण ती पूर्ण विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि आधीच क्षाराच्या पाण्यात चुना वाढतो. वापरायचीच असेल तर बादलीत भिजवून फक्त वरची निवळी घ्या. आणि हे कधीच विसरू नका: टीसीएल आणि टीसीसीए गोळ्या एका डब्यात, एका मापाने, एका फ्लोटरमध्ये (गोळ्या ठेवायचा तरंगता डबा) येता कामा नयेत, पेट घेतात, स्फोट होतो. हायपो आणि ॲसिडही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

मोजणीसाठी गावातली ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट पुरत नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढे पाहायला ती ठीक, पण ती एकूण क्लोरीन दाखवते, मुक्त किती ते नाही. डीपीडी किट घ्या. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडतो आणि पाणी बिनरंगाचेच राहते. तेव्हा ‘क्लोरीन नाही’ समजून पुन्हा डोस देऊ नका. नमुना आरओच्या पाण्याने पातळ करून मोजा.

स्टॅबिलायझरसाठी मेलामाइनची गढूळपणाची चाचणी हवी. नमुना आणि द्रावण सारखे घेऊन हलवायचे, मिनिटभर थांबायचे, नळीत हळू ओतायचे आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. उन्हात तापलेल्या पाण्यात गढूळपणा कमी येतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. बाटली घरात आणून निवू द्या. १०० च्या वर वाटले तर निम्मे साधे पाणी मिसळून दुप्पट करा. पाण्यात बुडवून रंग पाहायच्या पट्ट्यांवर या एका बाबतीत आमचा अजिबात विश्वास नाही.

नव्या पाण्यात स्टॅबिलायझर शून्य असते. १ ग्रॅम प्रति हजार लिटरने १ पीपीएम, म्हणजे ४० साठी १ किलो ६०० ग्रॅम. दाणे सरळ टाकले तर तळाशी पडून राहतात. जुन्या मोज्यात भरून परतीच्या नळीपुढे बांधा, अधूनमधून हाताने दाबा. आठवडाभर बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणे) नको.

गोळ्या स्किमरमध्ये (काठावरची, मोटरकडे पाणी ओढणारी टोपली) ठेवू नका, ही खेड्यातली खास सूचना. लाईन गेली की टोपलीत आम्लाचे तीव्र पाणी साचते आणि लाईन आल्यावर तेच मोटरच्या सीलवर जाते. फ्लोटर वापरा, आणि तो पायऱ्यांना चिकटून उभा राहणार नाही असा दोरीने मधोमध बांधा.

पीएच ७.२ ते ७.८. आपल्या बोअरच्या पाण्यात तो वरच पळतो. अर्धा-अर्धा लिटर ॲसिड टाकून मोजत जा, आणि हायपो त्यानंतर काही तासांनी.

पावसाळ्यात पोहणे थांबले तरी क्लोरीन थांबवू नका. क्लोरीन शून्य राहिले तर काही जिवाणू सायन्युरिक खाऊन अमोनिया तयार करतात. खूण अशी: पाणी काढले नाही, पूल भरून वाहिलाही नाही, तरी स्टॅबिलायझर उतरलेला दिसतो आणि टाकलेले क्लोरीन काही मिनिटांत गायब होते. अशा वेळी १० पीपीएमच्या हिशेबाने ४ लिटर ताजा हायपो टाका, मोटर चालवा, दहा मिनिटांनी मोजा. आकडा टिकेपर्यंत तेवढाच डोस पुन्हा द्या. तोवर पुलात कुणी उतरायचे नाही. आकडा टिकला, की स्टॅबिलायझर नव्याने मोजा आणि जेवढा कमी तेवढाच भरा.