मुलीची थेरपी: काही महिन्यांनंतरचा बापाचा अभिप्राय

मुलांच्या थेरपिस्टबद्दल शोधायला गेलं की ‘खूप प्रेमळ’, ‘मुलं लगेच रमतात’ याच्यापुढे फारसं काही हाती लागत नाही. प्रेमळ असणं चांगलंच, पण बंद दाराआड नक्की काय चालतं आणि पालकांना काय करावं लागतं, हे कोणी सांगेना. म्हणून हे जरा लांबलचक.

मुलगी चौदा वर्षांची. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासून शारीरिक काही नाही असं सांगितलं आणि थेरपिस्टकडे जायला सुचवलं. वर्गात बोलायची वेळ आली की हिचे हात थरथरायचे, आणि घरी आल्यावर रात्रीपर्यंत एकच प्रश्न: ‘मी काही चुकीचं बोलले का?’

पहिल्या सेशनला आम्ही तिघं आत होतो. थेरपिस्टने सुरुवातीलाच, मुलीकडे बघून, गोपनीयतेचे नियम सांगितले. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तिच्यावर अत्याचार होत असेल, तर ते आमच्यापर्यंत किंवा गरजेप्रमाणे पुढे जाणार. बाकी काय सांगायचं ते तिच्याशी बोलून ठरणार. मग आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. खरं सांगायचं तर मला हे आवडलं नाही. मुलगी आमची, काळजी आमची, आणि आम्ही मासिकं चाळत बसायचं? पण पुढच्या काही महिन्यांत जे बदललं त्यातलं निम्मं तरी या बंद दारामुळे बदललं असं आता माझं मत आहे. या वयाच्या मुलांना आपलं बोलणं जेवणाच्या टेबलावर चर्चेला येणार असं कळलं, की ती आत जाऊनही गप्पच बसतात.

त्याच आठवड्यात मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची एसडीक्यू नावाची प्रश्नावली भरून घेतली. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये मांडलेली, २५ विधानांची. एक प्रत पालकांसाठी, एक शिक्षकांसाठी, आणि अकरा वर्षांपुढच्या मुलांनी स्वतः भरायची वेगळी. आम्ही ‘लवकर चिडते’वर ठामपणे खूण केली होती. तिने काळजी, घाबरणं, पोटदुखी यांवर केली होती. थेरपिस्टला आकड्यांपेक्षा या तफावतीत जास्त रस दिसला. आम्हाला राग दिसत होता, तिला आत भीती जाणवत होती.

उद्दिष्टांचंही तसंच. आमचं उद्दिष्ट: शाळा बुडू नये. तिचं: मैत्रिणी गप्पा मारत असताना आपल्यालाही मधे बोलता यावं. काम तिच्या उद्दिष्टापासून सुरू झालं. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि समोरची व्यक्ती यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि आपुलकी. अभिप्रायांमध्ये लोक फक्त तिसऱ्यावर लिहितात. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पहिल्या दोहोंचा जास्त कस लागतो, कारण बहुतेक जण स्वतःहून आलेलेच नसतात.

मुख्य पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करायची थेरपी. त्यातला गाभ्याचा भाग म्हणजे भीतीची शिडी. ज्या ज्या गोष्टी टाळल्या जातात त्यांची यादी करायची, प्रत्येकीला शून्य ते शंभरमध्ये आकडा द्यायचा, आणि खालच्या पायरीपासून चढायला लागायचं. तिच्या शिडीवर मेसेज पुन्हा न वाचता पाठवणं तळाला होतं, अनोळखी माणसाला रस्ता विचारणं मधे, आणि वर्गात मुद्दाम चुकीचं उत्तर देणं जवळजवळ टोकाला. मुद्दाम चुकीचं! मला वाटलं होतं दीर्घ श्वास, सकारात्मक विचार वगैरे शिकवतील. श्वासाचे व्यायाम शिकवले, पण पायरी चढताना ते करून भीती घालवायची नाही असंही बजावलं. त्याऐवजी आधी लिहायचं, ‘मला वाटतं अमुक होईल’, आणि नंतर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. भीती कमी झाली की नाही याला फारसं महत्त्व नाही. जे होईल असं वाटलं होतं ते झालं का, याला आहे. चुकीच्या उत्तरावर सगळा वर्ग हसेल असं तिने लिहिलं होतं. दोन मुलं हसली, बाई म्हणाल्या ‘जवळ आलीस’, आणि तास पुढे सरकला. हे तिनेच सांगितलं, म्हणून मला माहीत.

आता आमचा वाटा. याबद्दल कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. काही आठवड्यांनी थेरपिस्टने फक्त आम्हा दोघांना बोलावलं आणि विचारलं, ‘ती ठीक होईल ना असं विचारते तेव्हा तुम्ही काय म्हणता?’ हो, होईल, काळजी करू नको, असंच म्हणतो. दिवसातून कितीदा? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिलासा दिला की तिची काळजी काही मिनिटं उतरते आणि म्हणूनच पुन्हा विचारावंसं वाटतं, हे चक्र थेरपिस्टने कागदावर काढून दाखवलं. त्याऐवजी एकच वाक्य: ‘तुला हे अवघड जातंय ते मला कळतंय, आणि तू हे पेलशील याची मला खात्री आहे.’ एवढं म्हणून थांबायचं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी याच तत्त्वावर फक्त पालकांसोबतचा उपचार तयार केला आहे. चिंतेचा त्रास असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांच्या अभ्यासात, मूल सेशनला अजिबात न येताही, तो सीबीटीच्या तोडीचा ठरला. वाचल्यावर माझा पवित्रा जरा सैल पडला. पहिले पंधरा दिवस मात्र वाईट गेले. रडणं वाढलं, ‘तुम्हाला माझी काळजीच नाही’ हेही ऐकून झालं. हे होणार असं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो.

औषधाचा विषयही निघाला. ही थेरपिस्ट मानसशास्त्रज्ञ आहे, औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, त्यामुळे तिने तिकडे पाठवलं. २००८ मध्ये अमेरिकेत ४८८ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: सीबीटी आणि सर्ट्रालीन (चिंता-नैराश्यावरचं औषध) दोन्ही मिळून सुमारे ८१ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा, फक्त सीबीटीने ६० टक्के, फक्त औषधाने ५५, आणि नुसत्या साखरेच्या गोळीवर २४. आमच्या डॉक्टरांनी सध्या थेरपीच चालू ठेवू म्हटलं. पण औषध म्हणजे हार असं मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर बघावेत.

धाकट्याला (वय सात, रात्री एकटं झोपायची भीती) याच थेरपिस्टकडे न्यावं असा आमचा विचार होता. तिने नकार दिला. ही खोली मोठीला तिची एकटीची वाटायला हवी, असं म्हणून एका सहकाऱ्याकडे पाठवलं. तिथला कारभार अगदी निराळा. आम्ही बहुतेक वेळ आतच, जमिनीवर, बाहुल्या आणि मातीचे गोळे घेऊन. भीतीला नाव द्यायला सांगितल्यावर त्याने तिचं नाव ‘खुडबुड्या’ ठेवलं. मग खुडबुड्या कधी येतो, कशाने चिडतो, त्याला कोणी फसवलंय का, अशी सगळी चौकशी. समस्या मुलापासून वेगळी काढून तिच्याशी बोलण्याची ही रीत ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट यांची. मला आधी पोरखेळ वाटला. सातव्या वर्षी पोरखेळच चालतो, हे नंतर ध्यानात आलं.

न आवडलेलं. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे छापील तक्ते चौदा वर्षांच्या मुलीला देणं म्हणजे तिचा अपमान. तिने तसं तोंडावर सांगितलं आणि ते बंद झाले. पालकांसाठी दर काही सेशननंतर जो वेळ मिळतो तो फारच तुटपुंजा. शाळेशी बोलायला मुलीची परवानगी हवी म्हणून तो मुद्दा बराच रखडला. तत्त्व पटतं, पण मधल्या काळात शाळेचे फोन आम्हीच घेत होतो. ऑनलाइन सेशन आमच्याकडे चाललं नाही. ती कॅमेरा बंद करून बसायची, आणि भिंतीपलीकडे आम्ही आहोत हे तिला माहीत असल्यामुळे दार बंद असून नसल्यासारखं.

आजची स्थिती: पोटदुखी जवळपास गेली. मोठ्या सुट्टीनंतर आठवडाभर परतली होती, तेव्हा तिनेच जुनी शिडी काढली. गर्दी तिला अजून आवडत नाही, बहुधा कधीच आवडणार नाही. आमच्याशी वाद मात्र वाढलेत. थेरपिस्ट याला प्रगती म्हणते. मी अजून विचार करतोय.

मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगायचं नाही असं बोलत असेल, तर ठरलेल्या सेशनची वाट न बघता लगेच डॉक्टर किंवा रुग्णालय गाठावं. आणि ‘कुणीतरी हिला दोन गोष्टी समजावून सांगा’ एवढीच अपेक्षा असेल, तर ही पद्धत तुमची निराशा करेल.

नवीन थेरपिस्टला पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा: गोपनीयतेचे नियम मुलासमोर सांगता का, प्रगती कशावरून मोजता, आणि पालकांना काय काम देता. तिसऱ्या प्रश्नावर ‘तुम्ही काही करू नका, आमच्यावर सोडा’ असं आलं, तर मी पुढचा नंबर लावेन.