'ऑल कार' स्कॅनरचा डेमो पाहून पैसे देऊ नका

सेकंड-हँड ऑडी, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज घेऊन तिची किरकोळ कामं घरीच करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. 'डीलर लेव्हल, ऑल कार, लाइफटाइम अपडेट' अशा जाहिराती करून सध्या स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारी यंत्रं, विकले जातात. त्यातलाच एक पुण्यात माझ्या गळ्यात साडेचौदा हजारांना मारला गेला.

माझी ऑडी ए-४ २०१३ची. मागचे ब्रेक पॅड बदलायचे होते. या गाडीत हँडब्रेक ओढायचा नसतो, बटणावर चालतो. मागच्या कॅलिपरवर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) मोटर असते. पॅड काढण्याआधी ती मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते. क्लॅम्प लावून पिस्टन जबरदस्तीने दाबला तर कॅलिपरच हातात येतो, आणि त्याची किंमत विचारूच नका. विक्रेत्याला हे सगळं आधी सांगितलं होतं. "होणार ना साहेब! एअरबॅग, एबीएस, सर्व्हिस मोड, सगळं होतं."

तो स्वतः पार्किंगमध्ये आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावून त्याने आरपीएम, कूलंटचं तापमान आणि इंजिनच्या बिघाडाचा एक जुना कोड दाखवला. खरी मेख इथे आहे. इंजिनच्या प्रदूषणाशी संबंधित माहिती कुठल्याही साध्या स्कॅनरला वाचता आली पाहिजे, असा नियमच आहे. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या काळापासून. त्यामुळे काहीशे रुपयांचं नकली ईएलएम ३२७ (सगळ्यात साधा स्कॅनर) सुद्धा हा डेमो बिनचूक देतं. एबीएस, एअरबॅग, पार्किंग ब्रेक यांचा कारभार मात्र ज्या त्या कंपनीचा वेगळा, आणि डेमोत त्यांना त्याने हातच लावला नाही.

नंतर मेन्यूत एबीएस दाबलं, तर कम्युनिकेशन एरर. एअरबॅगला तेच, पार्किंग ब्रेकला तेच. फोन केला तर उत्तर तयार होतं: "तुमच्या गाडीचं गेटवे मॉड्यूल गेलंय. माणूस पाठवतो, सहा हजार होतील." (गेटवे म्हणजे गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरना जोडणारा भाग.) ही दुसरी टोपी! मित्राने स्वतःची अस्सल व्हीसीडीएस केबल (फोक्सवॅगन-ऑडी गाड्यांसाठीचा स्कॅनर, लॅपटॉपला जोडून चालतो) लावली. गेटवे ठणठणीत होतं, सॉफ्टवेअरच्या यादीत ५३ नंबरखाली पार्किंग ब्रेक उघडला आणि पॅड त्याच दुपारी बसले.

व्हीसीडीएसच्याही नकला भरपूर आहेत. तिचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, परवाना केबलमध्येच असतो. म्हणून कुणी पेनड्राइव्ह देऊन "नेट बंद ठेवा, अपडेट मारू नका, अँटिव्हायरस काढा" म्हणाला, की तिथूनच परत फिरा.

तुम्हाला जे काम करायचंय तेच, तुमच्याच गाडीवर, पैसे देण्याआधी करून घ्या. बीएमडब्ल्यू असेल तर नव्या बॅटरीची गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदणी करता येते का ते बघा. मर्सिडीजमध्ये एअरबॅगचं मॉड्यूल उघडायला लावा. इंजिनचे कोड दाखवायला लागला तर थांबवा. आणि पक्कं बिल मागा. माझ्या वेळी "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल" म्हणून त्याने विषय टाळला होता.

यूपीआयची पावती आणि चॅट जोडून १९३० वर सायबर तक्रार केली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात मात्र दुसऱ्या नंबरवरून चालू आहे, फोटो तेच.